कटरसोबत मिळणारा सेफ्टी सेट: काय ठेवावं, काय बदलावं

मोंढ्यातल्या दुकानात चेनसॉ, म्हणजे आपला कटर, घेतला की बऱ्याचदा सोबत एक पिशवी पुढे येते. त्यात चष्मा, कानाचे मफ, ठिपक्यांचे सुती हातमोजे असतात, कधी पिवळं हेल्मेटही. मोसंबीची जुनी बाग काढायची असो की बांधावरची बाभूळ, एवढ्यावर काम भागेल असं वाटतं. पण चेन सगळ्यात जास्त लागते ती पायांना, विशेषतः डाव्या मांडीला नि गुडघ्याला, आणि पायांसाठी या पिशवीत काहीच नसतं. पैसे मोजके असतील तर ते आधी चॅप्सवर घालावेत, बाकीचं नंतर.

चॅप्स म्हणजे पँटीवरून बांधायचं, कमरेपासून घोट्यापर्यंत पुढून झाकणारं आवरण. जाड जीन्स किंवा चामडं चेनपुढे टिकत नाही. चॅप्सचं वरचं कापड फाटलं की आतले लांब, सैल धागे दातांत अडकून ओढले जातात, कव्हरखालच्या दातेरी चक्रावर गुंडाळतात आणि चेन क्षणात जाम होते. सगळी मदार धागे मोकळे असण्यावर आहे. म्हणून चॅप्स मापाला आणायला मधून टाके घालू नयेत, इस्त्री करू नये, धुताना ब्लीच घालू नये. चेन लागून धागे बाहेर आले की तो जोड बाद समजावा, ठिगळाचा उपयोग नाही. बॅटरीच्या आणि विजेच्या कटरपुढे मात्र चॅप्सवर पूर्ण भरवसा ठेवू नका. मोटरचा जोर कमी फेऱ्यांतही टिकतो, त्यामुळे धागे तिला पेट्रोल इंजिनासारखे थांबवतीलच असं नाही.

चॅप्स घेताना आतलं लेबल बघा. ढालीत कटरचं चित्र आणि ‘आयएसओ ११३९३-२’ किंवा जुनं ‘ईएन ३८१-५’ असायला हवं. क्लास १ सेकंदाला २० मीटर चेनवेगावर तपासलेला असतो, क्लास २ हा २४ वर, क्लास ३ हा २८ वर. शेतातल्या छोट्या-मध्यम कटरला क्लास १ चालतो. ‘टाइप ए’ फक्त पुढून झाकतो, ‘टाइप सी’ चहूबाजूंनी. टाइप सी जास्त सुरक्षित खरा, पण ४२ अंशांच्या उन्हात तो तासाभरात काढून फांदीला अडकवला जातो. इकडच्या हवेत दिवसभर अंगावर राहील असा टाइप ए बरा. मागचे पट्टे मात्र घट्ट हवेत. ढिले राहिले तर चेन आवरणच फिरवते आणि उघडी बाजू पुढे येते.

हेल्मेटवर आयएसआय मार्क आणि ‘आयएस २९२५’ शोधा. आत घड्याळासारख्या गोलात बाणानं उत्पादनाचा महिना-वर्ष दाखवलेलं असतं. दुकानाबाहेर उन्हात लटकवलेलं घेऊ नका, उन्हानं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. जाळीचा व्हायझर असलेलं मिळालं तर उत्तम. जाळीवर वाफ धरत नाही, फक्त बारीक भुसा आत येतो, म्हणून पिशवीतला चष्मा जाळीच्या आतून लावावा.

कटरचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, तेव्हा कानाचे मफ लागतातच. इथे एक चूक सर्रास होते: घाम टिपायला डोक्याला रुमाल बांधायचा आणि त्यावर मफ चढवायचे. रुमालाची घडी गादीखाली आली की फट राहते आणि आवाज आत शिरतो. रुमाल कानाच्या वरच संपवा. गळ्यातला गमछा तर काढूनच ठेवा. त्याचं टोक चेनमध्ये गेलं तर मान खाली ओढली जाते.

बुटांवर दुकानदार ‘स्टील टो आहे’ म्हणून खात्री देतो. त्यानं फक्त बोटं वाचतात. चेन लागते ती बोटांच्या मागे, लेसच्या जागी. चेनसाठीचे बूट ‘आयएसओ १७२४९’ छापाचे असतात, ते महाग वाटत असतील तर निदान चॅप्सची खालची कड लेस झाकेल एवढी लांब घ्या. तळवा खोल खाचांचा हवा. पावसात काळी माती सपाट तळव्याला गोळ्यानं चिकटते आणि चालू कटर हातात असताना पाय सरकतो.

हातमोजे पिशवीतले चालतील, मात्र बोटांच्या टोकाशी सैल नकोत. चेनरोधक मोजे घ्यायचे ठरवलंत तर डाव्या हाताची पाठ दाबून बघा: पुढची मूठ डाव्या हातात असते, म्हणून अस्तर तिथे जाणवलं पाहिजे.