यूएसबी ऑडिओ इंटरफेस सात-आठ महिने वापरल्यावर: डबा चांगला, भांडण मदरबोर्डाशी

आधीच सांगून टाकतो, इंटरफेस (माइकचा आवाज पीसीत नेणारा आणि पीसीतला हेडफोन-स्पीकरला देणारा डबा) मस्त आहे, आवाज स्वच्छ येतो, आणि परत घ्यायची वेळ आली तर हाच घेईन. पण डेस्कटॉपला जोडल्यावर पहिले दोन महिने ह्याने जो काही वैताग दिलाय त्याला तोड नाही, आणि त्यात ह्या बिचाऱ्या डब्याचा दोष फारच थोडा होता. म्हणून कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, बोर्डाचंही नाही. दोन इनपुट दोन आउटपुटवाला, यूएसबी २ वर चालणारा, दहा हजारांच्या आतला कुठलाही इंटरफेस समजा, कारण पुढे जे लिहिलंय ते जवळपास सगळ्यांनाच लागू पडतं.

माझा वापर म्हणजे मराठी व्हॉइसओव्हर आणि महिन्यातून एखाददोनदा मित्राची पेटी-तबला रेकॉर्डिंग. पीसी असेंबल केलेला, रायझन प्रोसेसर, मधल्या किमतीचा बोर्ड. लॅपटॉपवर इंटरफेस पहिल्या दिवसापासून निमूट चालला, डेस्कटॉपला लावला की नखरे सुरू. कधी चिक-चिक, कधी मधेच विंडोजचा तो टुंग-टुंग आवाज येऊन डिव्हाइसच गायब आणि दोन सेकंदात परत हजर, तोवर सॉफ्टवेअर लटकलेलं. तबल्यावर ही चिक पटकन कळत नाही, बोल समजून सोडून देतो आपण, पण पेटीचा लांब सा धरला की कानात टोचते. वेव्हफॉर्म झूम करून बघितला तर गुळगुळीत लाट मधेच तुटलेली आणि पुढची लाट भलत्याच उंचीवरून सुरू झालेली, म्हणजे मधले काही सॅम्पल (आवाजाची एकामागून एक घेतलेली मापं) चक्क खाल्लेले. त्याचा अजून एक त्रास म्हणजे वेगळ्या कॅमेऱ्यावर शूट केलेला व्हिडिओ जोडायला गेलो की सुरुवातीला ओठ जुळायचे आणि शेवटाकडे आवाज पुढे पळायचा.

आता सगळ्यांचा पहिला प्रश्न, की त्याच पोर्टात पेनड्राइव्ह चालतो, प्रिंटर चालतो, मग ह्यालाच काय धाड भरलीये? पेनड्राइव्हचा डेटा वाटेत बिघडला तर तो परत मागवला जातो, दोन मिलिसेकंद उशीर झाला तरी फाइल शाबूत. ऑडिओ जातो आयसोक्रोनस पद्धतीने, त्यात ठरलेल्या वेळेला पाकीट पोचलं तर पोचलं, नाहीतर गेलं, परत पाठवायची सोयच नाही. यूएसबी २ च्या हाय स्पीडमध्ये ही वेळ मोजली जाते १२५ मायक्रोसेकंदांच्या तुकड्यांत. आणि डेटा म्हणाल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ धरून सेकंदाला २.३ मेगाबिट, आणि लाइन आहे ४८० मेगाबिटची. म्हणजे स्पीडचा प्रश्नच नाही, प्रश्न वेळेवर पोचण्याचा. त्यामुळे 'निळ्या पोर्टात लावा, फास्ट आहे' हा सल्ला दुकानदाराने दिला तर मान डोलवा आणि सोडून द्या, यूएसबी २ चं डिव्हाइस निळ्या पोर्टातसुद्धा जुन्या डेटाच्या दोन तारांवरच चालतं.

कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं, ड्रायव्हर काढा, परत टाका, पीसी रीस्टार्ट करा. केलं सगळं. फरक शून्य. बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवायचे सॅम्पल) १२८ वरून ५१२ केला तर चिक-चिक कमी झाली पण हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा यायला लागला, आणि ५१२ सॅम्पल म्हणजे एका बाजूचेच साडेदहा मिलिसेकंद, जाणं-येणं धरून दुप्पटीच्या वर, तसं कुणी गाऊ शकत नाही.

खरं घबाड सापडलं बोर्डाच्या मॅन्युअलमधल्या ब्लॉक डायग्रामच्या, म्हणजे कुठला पोर्ट कुठल्या चिपला जोडलाय त्या नकाशाच्या, पानावर. ते पान कुणी उघडत नाही. मागच्या बाजूला आठ पोर्ट दिसतात म्हणून ते एकाच घरचे असतील असं नाही. एएम४ सॉकेटच्या रायझनमध्ये चार यूएसबी पोर्ट थेट प्रोसेसरमधून निघतात, बाकीचे चिपसेटमधून (बोर्डावरची मदतनीस चिप), आणि काही बोर्डांवर पोर्टांची संख्या वाढवायला तिसऱ्याच कंपनीची वेगळी कंट्रोलर चिप किंवा हब चिप बसवलेली असते. माझा इंटरफेस नेमका ह्या तिसऱ्या चिपच्या पोर्टात होता, कारण टेबलाच्या त्या बाजूने केबल पुरत होती, दुसरं काही कारण नाही. तुमचं बघायचं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू' मधून 'डिव्हायसेस बाय कनेक्शन' करा, कुठलं डिव्हाइस कुठल्या होस्ट कंट्रोलरखाली लटकलंय त्याचं झाडच दिसतं. एक एक पोर्ट बदलत प्रोसेसरवाला पोर्ट शोधला, तिथे इंटरफेस एकटा ठेवला, वेबकॅम आणि एक्सटर्नल हार्डडिस्क चिपसेटकडे पाठवली. टुंग-टुंग त्या दिवसापासून बंद. माझ्याकडे प्रोसेसरवाला चालला म्हणून तुमच्याकडे तोच चालेल असं मात्र धरू नका, काहींचं चिपसेटच्या साध्या काळ्या यूएसबी २ पोर्टावर जमतं. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात तर लावूच नका, बोर्डापासून तिथपर्यंत आतून जी बारीक वायर जाते तिच्या दर्जाची हमी कुणीच देत नाही. आणि बिनअ‍ॅडॅप्टरचा हबसुद्धा नको, यूएसबी २ पोर्टाची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, त्यात कंडेन्सर माइकला फँटम पॉवर (माइकच्याच केबलमधून जाणारी वीज) द्यायची आणि वर माउस-कीबोर्डही त्याच हबवर, कसं भागणार?

पोर्ट बदलून डिव्हाइस गायब होणं थांबलं पण बारीक चिक-चिक उरलीच होती. मग लॅटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं आणि दहा मिनिटं नुसतं चालू ठेवलं. विंडोजमधला कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसतो ते हे दाखवतं. लाल पट्टी आली, यादीत सगळ्यात वर एनडीआयएस, म्हणजे नेटवर्क, म्हणजे बोर्डावरचं वायफाय. वायफाय डिसेबल केलं, राउटरपासून लॅनची केबल आणली, पट्टी हिरवी. घरचे म्हणाले भिंतीला खिळे मारून केबल कशाला लावतोस, पण आता १२८ च्या बफरवर पेटी स्वच्छ रेकॉर्ड होते. ज्यांना केबल जमत नाही त्यांनी वायफायचा ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवीन टाकून बघावा किंवा निदान रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद ठेवावं. पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही (वापर नसला की यूएसबी झोपवणारी सोय) बंद करा, आणि प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा.

बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा असं लोक लगेच सुचवतात, आणि त्यात तथ्य आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत एएमडीने स्वतः मान्य केलं होतं की ५०० सिरीजच्या चिपसेटवर यूएसबी अधूनमधून तुटतं, आणि एप्रिलपासून एजीसा (बायोसमधला एएमडीचा स्वतःचा कोड) १.२.०.२ वाले बायोस येऊ लागले. २०२२ मध्ये परत एफटीपीएममुळे (प्रोसेसरच्या आतली सुरक्षेची सोय) पीसी क्षणभर अडखळण्याचं प्रकरण निघालं, त्यावरचा इलाज १.२.०.७ मध्ये आला. माझा बायोस ह्या दोन्हींच्या नंतरचा निघाला, म्हणून मी हात लावला नाही. तुमचा जुना असेल तर जरूर करा, फक्त यूपीएस किंवा इन्व्हर्टर असेल तरच, आमच्याकडे लाइट न सांगता जाते आणि अपडेट अर्धवट राहिला तर बोर्ड घेऊन दुकानात जायची वेळ येते.

विंडोजच्या फास्ट स्टार्टअपने पण छळलं. शटडाउन करून सकाळी चालू केलं की इंटरफेस दिसायचा नाही, रीस्टार्ट केला की दिसायचा. फास्ट स्टार्टअपमध्ये शटडाउन पूर्ण होतच नाही, कर्नल अर्धवट झोपवून ठेवलेलं असतं, ते बंद केलं की झालं. बायोसमध्ये ईआरपी (वीज वाचवायची सेटिंग) चालू केलं तर पीसी बंद असताना यूएसबीची पॉवरही जाते, डब्याचा दिवा रात्रभर जळत राहत नाही.

आणखी एक, स्पीकरमधली घुं-घुं. गेम चालवला किंवा नुसतं पान स्क्रोल केलं तरी बारीक किर्र असा आवाज यायचा. हे यूएसबीच्या ग्राउंडमधून येतं, आणि जुन्या बिल्डिंगमध्ये प्लगच्या तिसऱ्या पिनला मागे वायरच नसते हेही कारण. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घेतलं, पीसी आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतले, स्पीकरला साध्या केबलच्या जागी बाहेरचा गोंगाट कापणाऱ्या बॅलन्स्ड टीआरएस केबल लावल्या. नव्वद टक्के गेलं. काही जण अर्थची पिनच कापून टाकायला सांगतात, घुं-घुं जातेही, पण शॉक बसू शकतो, नकोच ते.

ज्यांना ड्रायव्हरचं झेंगटच नको त्यांनी क्लास कम्प्लायंट, म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर न टाकता चालणारा, इंटरफेस घ्यावा. विंडोज १० मध्ये २०१७ च्या १७०३ आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ चा ड्रायव्हर आतच येतो, लिनक्स आणि मॅकला तर तो आधीपासून आहे. मी लिनक्सवर लावून पाहिला, काहीही न टाकता चालला. पण विंडोजवर कमी लॅटन्सी (आवाजाचा उशीर) हवी तर कंपनीचा आसिओ ड्रायव्हर, म्हणजे विंडोजची नेहमीची ऑडिओ वाट टाळून थेट डब्याशी बोलणारा, लागतोच.

सध्या तक्रार करण्यासारखं म्हणजे हेडफोनची नॉब, ती अगदी खाली आणली की डाव्या कानात आवाज आधी मरतो आणि उजव्यात उरतो, आणि बरोबर आलेली केबल इतकी आखूड आहे की डबा टॉवरला चिकटूनच ठेवावा लागतो. दोन मीटरची फेराइट मणीवाली चांगली केबल वेगळी घेतली, पाच मीटरवाली पण मिळत होती पण यूएसबी २ ची हद्दच पाच मीटर, तिथपर्यंत जायचं कशाला.