डोक्यामागून पट्टे घेणारा एन-९५ मास्क: सोलापुरातील वापरानंतरचे परीक्षण

सोलापुरात औषधाच्या दुकानात एन-९५ मास्क मागितला की बहुधा कानात अडकवायचा, मधोमध दुमडलेला मास्क पुढे केला जातो. आमच्या घरात गेल्या पावसाळ्यापासून त्याऐवजी डोक्यामागून दोन पट्टे घेणारा मास्क वापरला जातो आणि हे परीक्षण त्याच्याविषयी आहे. मामंजींना दम्याचा जुना विकार आहे; त्यांची उमेदीची सगळी वर्षे गिरणीच्या सूतखात्यात गेली. इतरांचा फ्लू चार-पाच दिवसांत उतरतो, तो त्यांना थेट रुग्णालयात नेऊ शकतो. म्हणून मास्क निवडताना पैशांपेक्षा तो खरोखर काम करतो का, हे पाहणे मला आवश्यक वाटले.

या मास्कचा मोठा गुण त्याच्या पट्ट्यांमध्ये आहे. वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंच भागावर आणि खालचा कानांखालून मानेवर बसतो, त्यामुळे ताण चारही बाजूंनी सारखा पडतो आणि हनुवटीखाली व गालांजवळ फट राहत नाही. कानांत अडकवायच्या मास्कमध्ये नेमकी हीच फट राहते. एन-९५ या नावातील ९५ हा आकडा गाळणीच्या कापडापुरता आहे: सुमारे ०.३ मायक्रॉन आकाराचे, म्हणजे गाळायला सर्वांत अवघड असलेले, किमान ९५ टक्के कण ते अडवते. कडेच्या फटीतून आत शिरणाऱ्या हवेला मात्र ही हमी लागू होत नाही. मास्क घातल्यावर दोन्ही तळहात त्यावर ठेवून जोरात श्वास सोडावा. डोळ्यांकडे किंवा गालांकडे वारा लागला तर नाकावरची धातूची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी पुन्हा दाबून बसवावी. चष्मा लावणाऱ्यांना हे लगेच कळते, कारण फट असली की काचा धूसर होतात. दाढी असेल तर कोणताही मास्क नीट चिकटत नाही आणि त्यावर या मास्ककडेही उपाय नाही.

आपले शहर कापडाचे. उन्हाळ्यात रुमाल किंवा पंचा तोंडाला गुंडाळल्याखेरीज इथे कोणी दुचाकीवर बसत नाही, आणि करोनाच्या काळात घरोघरी कापडी मास्क शिवले गेले. धूळ व ऊन यांच्यासाठी ती सोय उत्तमच आहे. पण बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही विषाणू घेऊन बाहेर पडणारे बारीक कण बंद खोलीत बराच वेळ हवेत तरंगत राहतात आणि सुती विणीतून सहज आरपार जातात. एन-९५ मधील थर विणलेला नसतो. वितळलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या अतिसूक्ष्म तंतूंचा तो जाळीदार थर असतो आणि त्यावर स्थिर विद्युतभार दिलेला असतो, जो कणांना ओढून धरतो. म्हणूनच हा मास्क धुऊ नये आणि त्यावर सॅनिटायझरही फवारू नये. साबणाने वा अल्कोहोलने तो भार निघून जातो आणि मास्क दिसायला तसाच राहून कामातून जातो. आम्ही प्रत्येकाचा मास्क नाव लिहिलेल्या कागदी पाकिटात कोरडा ठेवतो आणि पट्टे सैल झाले, मास्क मळला किंवा ओला झाला की टाकून देतो.

झडप असलेला प्रकारही दुकानात मिळतो आणि श्वास सोडायला सोपा म्हणून पुष्कळांना तो आवडतो. माझ्या मते तो घेऊच नये. झडपेतून उच्छ्वास न गाळता बाहेर पडतो. घालणारा सुरक्षित राहतो, पण त्याला लागण झालेली असेल तर शेजारी बसलेल्याला संरक्षण मिळत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै २०२० मध्येच राज्यांना पत्र पाठवून याविषयी सावध केले होते.

थोरल्या मुलाला ताप-खोकला झाला तेव्हा त्याने खोलीबाहेर येताना हा मास्क लावला, मीही आत जाताना लावत होते आणि खिडक्या दिवसभर उघड्या होत्या. मामंजींना लागण झाली नाही. याचे सगळे श्रेय मास्कला देता येणार नाही, कारण त्यांनी त्या वर्षीची फ्लूची लस घेतली होती आणि आम्ही त्यांचे जेवण वेगळ्या खोलीत ठेवले होते. मात्र खोकणाऱ्याने आधी मास्क लावावा, ही सवय घराला लागली, याचे मला फार समाधान आहे. गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानावरच्या गर्दीत, भरलेल्या एसटीत आणि दवाखान्याबाहेर ताटकळताना आता आम्ही तो न विसरता लावतो.

तक्रारी आहेतच. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीशीपुढे गेला की आतून घाम येतो आणि ओलसर मास्कमधून श्वास घेणे जड जाते. त्या दिवसांत मामंजींनी दुपारी बाहेर न पडणेच बरे. अंबाडा असेल तर वरचा पट्टा सरकतो. सर्वांत मोठी उणीव मापाची आहे, कारण इथे एकच माप मिळते आणि बारीक चेहऱ्याच्या स्त्रियांना ते सैल होते. वापराच्या सूचनाही फक्त इंग्रजीत आहेत. या शहरात त्या मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये छापल्या तर मास्क नीट बसवणारे कितीतरी जास्त लोक दिसतील.

विकत घेताना पाकिटावर आयएस ९४७३ हे भारतीय मानक आणि आयएसआय चिन्ह पाहावे. त्या मानकातील एफएफपी-२ हा वर्ग एन-९५ च्या जवळचा आहे. किंमत कानांत अडकवायच्या मास्कपेक्षा जास्त पडते. नवी पेठेतील आमच्या नेहमीच्या दुकानात तो फळीवर नसतो, पण आदल्या दिवशी सांगून ठेवले की मागवून देतात.