मेकॅनोचे जुने आराखडे: कागद जपावा की स्कॅन करावं?

लिव्हरपूलला राहणाऱ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांनी मेकॅनोच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या नट-बोल्टनं जोडायच्या खेळण्याच्या, पट्ट्यांतून वाफेच्या इंजिनांची मॉडेल्स बांधली. त्यांच्या मागे आराखड्यांचे तीन गठ्ठे उरलेत. कागद जपू की स्कॅन करून मोकळी होऊ, असं तिनं विचारलं.

खर्च आधी. आम्लमुक्त, म्हणजे कागद पिवळा न पाडणारे, फोल्डर आणि पेटी एकदाच घ्यायची. स्कॅनिंगला पैसा कमी, पण वेळ फार: टाचण्या काढा, घड्या उलगडा, मोठा कागद तुकड्यातुकड्यानं स्कॅन करा. आणि हार्ड डिस्क कधीही दगा देते, म्हणून दोन ठिकाणी प्रती हव्यातच.

टिकाऊपणात पेन्सिल भारी! ती उडत नाही. बॉलपेन उजेडात फिकं होतं. खरा शत्रू सेलोटेप, त्याचा पिवळा डाग कागदात मुरतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत सुटत नाही.

वापराला मात्र स्कॅनच. ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांत. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात खोडलेल्या रेघा गायब होतात, आणि त्या खोडाखोडीतच झडपेचा दांडा का हलवला ते कळतं. मेकॅनोची भोकं अर्ध्या इंचावर असतात, म्हणून आराखड्याशेजारी अकरा भोकांची पट्टी ठेवून स्कॅन करा. मग छापताना माप चुकलं तर लगेच दिसेल.

पुन्हा इंजिन बांधायचं असेल, नातेवाइकांना वाटायचं असेल, तर स्कॅन पुरे. सासऱ्यांचं हस्ताक्षर नातवंडांच्या हाती द्यायचं असेल, तर कागद. तिला मी कागदच जपायला सांगितलं.