एस्टिमेट: एक्सेल, पीडीएफ टेकऑफ की रेव्हिट मॉडेल?

तळमजला अधिक दोन-तीन मजल्यांच्या इमारती आणि अधूनमधून सार्वजनिक बांधकाम विभागाचं एखादं टेंडर, असं काम असेल तर एस्टिमेटसाठी एक्सेल, पीडीएफ टेकऑफ (नकाशावरून मोजमाप काढणं) आणि रेव्हिट (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करणारं सॉफ्टवेअर) या तिन्हींचा वेग विचारात घेण्याआधी कुठली चूक कशात लपते ते पाहा. विकणारा ते सांगत नाही.

एक्सेलची खरी ताकद दर पृथक्करणात, म्हणजे एका आयटमचा दर साहित्य-मजुरीत फोडून काढण्यात आहे. एम-२० काँक्रीटसाठी सिमेंट, वाळू, खडीचं १:१.५:३ प्रमाण आणि १.५४ चा कोरडा गुणक (ओल्या काँक्रीटला लागणारं कोरडं साहित्य) धरला की घनमीटरला साधारण ८ गोणी सिमेंट येतं. वाळू, खडी, मजुरी, सेंटरिंग (काँक्रीटचा साचा) सगळं उघड्यावर दिसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. सिमेंटचा दर एकाच सेलमध्ये असेल तर असा बदल मिनिटात होतो. प्रत्येक आयटममध्ये हाताने टाकलेला असेल तर जुने-नवे दर एकाच फाइलमध्ये नांदतात. मोजमापात मात्र एक्सेल आंधळं. १० फूट ६ इंच कोणी १०.६ असं भरलं तरी ते हूं की चूं करत नाही (हवं १०.५). बेरजेच्या खाली घातलेली ओळही बेरजेत येत नाही.

पीडीएफवर मोजणारी प्लॅनस्विफ्ट किंवा ब्लूबीमसारखी साधनं नेमकं हेच काम हलकं करतात: नकाशावर खोली आखली की क्षेत्रफळ हजर, आणि काय मोजलं ते रंगात दिसतं. इथला धोका स्केलचा. ए-१ शीट ए-३ वर बसवून पीडीएफ केली तर लांबी निम्मी होते, क्षेत्रफळ पाव. म्हणून शीटवर छापलेल्या स्केलवर विसंबू नका. लिहिलेलं एखादं लांब माप धरून आडवं आणि उभं, दोन्हीकडे कॅलिब्रेट करा, म्हणजे स्केल जुळवून घ्या. स्कॅन केलेल्या नकाशात दोन्ही दिशा सारख्या ताणलेल्या नसतात.

रेव्हिटमध्ये कामाचं प्रमाण (क्वांटिटी) आपोआप निघतं, पण मॉडेल जसं काढलंय तसं. २३० × ४५० मिमीचा बीम १२५ मिमीच्या स्लॅबला जोडला नसेल तर मधला भाग दोनदा मोजला जातो: १०० मीटर बीममागे २.८७५ घनमीटर, म्हणजे ब्रासभर (१०० घनफूट) काँक्रीट जास्त. प्लास्टरमध्ये उलटं घडतं. मोजमापाच्या आयएस १२०० या भारतीय मानकाप्रमाणे ०.५ ते ३ चौरस मीटरच्या उघाडीची (दार-खिडकीची) वजावट, दोन्ही बाजूंना एकच प्लास्टर असेल तर, एकाच बाजूची. मॉडेल दोन्ही बाजूंची करतं. १.२ × १.२ मीटरच्या वीस खिडक्यांत २८.८ चौरस मीटर, म्हणजे तीन ब्रासहून (इथे ब्रास म्हणजे १०० चौरस फूट) जास्त बिल गेलं. सेंटरिंग आणि सळई तर बहुतेक आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये नसतातच. सळईसाठी बार बेंडिंग शेड्यूल (सळईच्या मापांची यादी) वेगळं करावंच लागतं.

आमचा कौल: मोजमाप पीडीएफवर, दर एक्सेलमध्ये. रेव्हिटच्या वाटेला तेव्हाच जा, जेव्हा स्ट्रक्चरल डिझायनर स्वतः मॉडेल देतो आणि नकाशे वारंवार बदलतात. फक्त एस्टिमेटसाठी मॉडेल उभं करणं लहान कामाला परवडत नाही.

पैसे भरण्याआधी चाचणी मुदतीत, फायनल बिल झालेलं एक जुनं काम नव्या साधनावर मोजा. काँक्रीट, वीटकाम, प्लास्टर एवढेच तीन आयटम पुरेत. वीटकाम जुळतं पण प्लास्टर कमी येतं, असं दिसलं तर आधी वजावटीचा नियम तपासा. काँक्रीट जास्त येत असेल तर बीमची खोली (डेप्थ) स्लॅबच्या वरून धरलीय का, ते बघा.