सेव्हिल की व्हॅलेन्सिया: स्पेनमधल्या लांब मुक्कामासाठी

स्पेनमध्ये चार-सहा आठवडे निवांत राहायचं ठरवलं की माद्रिद आणि बार्सिलोना बहुतेक जण आपणहून बाजूला ठेवतात. एक फार मोठं, दुसरं फार गर्दीचं. मग खल उरतो तो सेव्हिल आणि व्हॅलेन्सिया या दोन नावांवर. आम्ही नवरा-बायको, दोघंही पासष्टी ओलांडलेले, दोन्ही शहरांत भाड्याच्या घरात राहिलो आहोत. तिथल्या मंडईतून भाजी आणली, औषधाच्या दुकानात रांग लावली, गॅलरीत कपडे वाळत घातले. त्या अनुभवावर हे लिहितो आहे. तुमचे पाय, तुमची आवड आणि तुमचा खिसा वेगळा असेल तर उत्तरही वेगळं निघू शकेल.

दोन्हीकडे सारख्या असलेल्या गोष्टी आधी उरकतो. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. सत्तरीनंतर त्याचा हप्ता चांगलाच चढतो, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी तो आकडा विचारून घ्यावा. साठ पूर्ण झालेल्यांना रेल्वेचं 'तारखेता दोरादा' हे सवलतीचं कार्ड 6 युरोत मिळतं. ते वर्षभर चालतं आणि एक-दोन लांबच्या प्रवासांतच वसूल होतं. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर, हा रिवाज दोन्हीकडे एकच. आम्ही बाहेर दुपारीच जेवायचो, ठरलेल्या दराच्या 'मेनू देल दिया'त, आणि रात्री घरी मुगाची खिचडी. पोटाला हे दोन्हीकडे मानवलं.

घर घेतानाही एकच सल्ला. "लिफ्ट आहे का?" एवढं विचारून थांबू नका, रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत तेही विचारा. जुन्या इमारतींत लिफ्ट मागाहून बसवलेली असते आणि तिच्यापर्यंत पोचायलाच अर्धा जिना चढावा लागतो. जाहिरातीतला 'पहिला मजला' हाही कधीकधी मधले दोन मजले सोडून मोजलेला असतो.

आता सेव्हिल. देखणेपणात व्हॅलेन्सिया त्याच्या जवळपास येत नाही, हे मी मनापासून मानतो. नागपूरकडच्या माणसाला संत्र्याचा बहर नवा नाही, पण वसंतात अख्ख्या शहराच्या रस्त्यांवर तो वास दरवळतो, हे सेव्हिलमध्येच अनुभवावं. कॅथेड्रलचा हिराल्डा मनोरा तर जणू गुडघेदुखीवाल्यांची काळजी घेऊनच बांधलेला. बाराव्या शतकातला मशिदीचा मिनार तो. आत जिना नाही, एकामागून एक 35 चढते उतार (रॅम्प) आहेत. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून तसे केले असं सांगतात. खऱ्या पायऱ्या लागतात त्या अगदी शेवटी. हिने वाटेतल्या प्रत्येक खिडकीपाशी थांबत थांबत तो चढून दाखवला. शिवाय कॉर्डोबा जलदगती रेल्वेने पाऊण तासावर, हेरेस तासाभरावर, कादिझचा समुद्र पावणेदोन तासांच्या आत. मुस्लिम राजवटीतलं स्पेन बघायला ज्यांना जायचं आहे, त्यांना इतका सोयीचा तळ दुसरा नाही.

उन्हाचं मात्र खरंच जपायला हवं. जून ते सप्टेंबर सेव्हिलचा पारा चाळिशी गाठतो आणि दुपारी शहर दारं लावून बसतं. ऑक्टोबर मध्यापासून एप्रिलपर्यंतचाच विचार करा. त्यातही होली वीक म्हणजे ईस्टरआधीचा आठवडा आणि वसंतातली 'फेरिया' हे दोन सण बघून तारखा ठरवा. मिरवणुकांनी गल्ल्या बंद होतात, टॅक्सी दारापर्यंत येत नाही, घरभाडी भलतीच वाढतात. सांता क्रूझ ही जुनी वस्ती चित्रातल्यासारखी आहे, पण तिथल्या फरसबंद बोळांतून चाकांची बॅग ओढून बघावी म्हणजे कळतं. नेर्व्हिऑनसारख्या नव्या, सपाट भागात लिफ्टची साधी घरं मिळतात आणि सांता हुस्ता स्टेशनही जवळ पडतं. परत सेव्हिलला गेलोच तर मी तिथेच उतरेन.

हे सगळं सांभाळता येण्यासारखं आहे. माझा कौल फिरवला तो वेगळ्याच एका त्रासाने.

सेव्हिलचा मुक्काम घड्याळाच्या तिकिटांवर चालतो. त्या भागाचं वैभव म्हणजे मोठमोठ्या वास्तू, आणि त्यांची तिकिटं दिवस आणि वेळ धरून आधी काढावी लागतात. ग्रॅनडा शहरातल्या अल्हाम्ब्रा या महालांच्या किल्ल्याचंच बघा. तिकीट नावावर असतं, मूळ पासपोर्ट जवळ लागतो, आणि आतल्या नासरी महालांत शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती टळली की महाल बघायचे राहिले. जपणुकीच्या दृष्टीने हे योग्यच आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. रोज हजारो माणसं त्या नाजूक गिलाव्याजवळून जाणार म्हटल्यावर दुसरं काय करणार? पण उतारवयात फिरायला जायचं की नाही हे आदल्या रात्री ठरत नाही. ते सकाळी पलंगावरून पाय खाली टेकल्यावर ठरतं. झोप कशी झाली, पाठ काय म्हणते, पोट साफ आहे का, यावर दिवस उभा राहतो. तरुणांना याचं महत्त्व वाटणार नाही. आम्हाला वाटतं.

अशाच एका महालाची तिकिटं आम्ही बऱ्याच आधी काढली होती. त्या दिवशी पहाटे हिचा उजवा गुडघा सुजलेला. तारीख बदलून मिळेना, आणि पुढचे सगळे दिवस भरलेले. "चला, एवढं लांब आलोय ते घरात बसायला नाही," असं म्हणून ती निघाली. त्या कमानींखालून चालताना माझी नजर कोरीवकामावर ठरत नव्हती. मी पुढचं बाकडं शोधत होतो. त्यानंतर ती कित्येक दिवस घरातच पडून होती आणि मधलं आणखी एक आगाऊ तिकीट वाया गेलं. पैशांचं एवढं नाही. ज्या निवांतपणासाठी आम्ही एवढा लांब मुक्काम ठरवला, तोच हातातून गेला. तिकिटांच्या तारखा मधेमधे पेरल्या की त्यांच्या अलीकडचे-पलीकडचे दिवसही त्यांच्याच तंत्राने जातात: उद्या अमुक आहे, आज जास्त चालू नको, काल तमुक झालं, आज विश्रांती.

व्हॅलेन्सियात हे ओझं जवळजवळ नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. जगभरातून लोक एकाच वास्तूसाठी धावत यावेत अशी वास्तूच तिथे नाही. आहे ते सगळं उद्यावर टाकण्यासारखं. रेशमाच्या व्यापाऱ्यांनी पंधराव्या शतकात बांधायला घेतलेली 'लोन्हा' ही पेठ 1996 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. मळसूत्रासारखे पीळ दिलेले तिचे खांब बघत तासभर बसावं असे आहेत, आणि आम्ही मंडईतून येता येता दारावरच तिकीट काढून आत गेलो. समोरच 1928 मधली मध्यवर्ती मंडई, लोखंड आणि रंगीत फरशांची. ती दुपारी तीनला बंद होते आणि रविवारी उघडत नाही, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

मग तुरिया. 1957 च्या ऑक्टोबरमध्ये या नदीला महापूर आला, शहर बुडालं आणि सरकारने नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवली. मोकळ्या पडलेल्या पात्रात महामार्ग करायचा बेत होता. नागरिकांनी तो हाणून पाडला आणि तिथे साधारण नऊ किलोमीटरची बाग झाली. पात्र असल्यामुळे चढ नाही, वरून जुने दगडी पूल जातात, गाड्या लागत नाहीत, सावली आहे, पाण्याचे नळ आहेत, आणि बाकडी भरपूर. आमच्यासाठी व्हॅलेन्सिया म्हणजे मुख्यतः ही बाग. बरं वाटलं तर पाच पूल चालायचे, नाही वाटलं तर दोन. पहिल्या बाकड्यावरून परत फिरलो तरी दिवस वाया गेल्यासारखा कधी वाटला नाही. 29 ऑक्टोबर 2024 च्या भीषण पुरात दोनशेहून अधिक माणसं गेली ती मुख्यतः नव्या पात्रापलीकडच्या गावांत. मूळ शहर त्या वळवलेल्या नदीमुळे वाचलं. बागेत फिरताना हे मनात येतंच.

दर गुरुवारी बारा वाजता कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारात पाणी-न्यायालय बसतं. कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले पंच काळे झगे घालून लाकडी खुर्च्यांवर बसतात, पाटाच्या पाण्याची भांडणं तोंडी ऐकतात आणि तिथल्या तिथे निकाल देतात. शतकानुशतकं हे चालू आहे. 2009 मध्ये युनेस्कोने त्याची अमूर्त वारसा म्हणून नोंद घेतली. धुळ्या-नाशकाकडे पांझरा-मोसमवरची फड पद्धत ज्यांनी पाहिली किंवा आजोबांकडून ऐकली आहे, त्यांना तिथे उभं राहताना परकं वाटणार नाही. पुष्कळदा तक्रारच नसते आणि काही मिनिटांत सगळं उठतं. आम्ही गेलो तेव्हाही तसंच झालं. आम्ही पुढच्या गुरुवारी परत गेलो. बसायला जागा नसते, तेव्हा थोडं आधी जाऊन जवळच्या पायरीवर टेकावं.

आसपास जायचं तर लोकल गाड्या आहेत. सागुंतोला अर्ध्या तासात आणि शातिवाला सुमारे तासाभरात पोचता येतं. आरक्षण नाही, स्टेशनवर तिकीट काढायचं आणि येईल त्या गाडीत बसायचं. दोन्हीकडचे किल्ले चढाचे आहेत, पण खालच्या गावांत हिंडण्यातही दिवस छान जातो. समुद्रावर ट्राम नेते, विमानतळावरून मेट्रो थेट शहरात आणते.

उणीवा आहेतच. पावसाळी ढग तिथे शरदात येतात आणि कोसळतात ते अंगावर येईल असे, म्हणून मी सप्टेंबर-ऑक्टोबरऐवजी वसंत सुचवेन. मार्चच्या 1 ते 19 तारखांदरम्यान फायास सणाचे बार रोज दुपारी दोनला उडतात आणि गल्लीबोळांत फटाके चालू असतात. हृदयाचा किंवा कानाचा त्रास असेल तर 20 मार्चनंतरच पोचावं. रुसाफा भाग तरुणांचा, रात्री झोप लागणार नाही. आणि तीन-चार आठवड्यांनंतर एखाद्याला "आता बघायचं काय?" असं वाटू शकतं. सेव्हिलमध्ये तो प्रश्न मला कधी पडला नाही.

शाकाहारी माणसाला बाहेरच्या जेवणात सेव्हिल सरस आहे. तिथला पालक आणि काबुली चण्याचा पदार्थ जिऱ्याच्या वासासकट ओळखीचा लागतो. साल्मोरेहो हे टोमॅटोचं गार सूपही उत्तम, फक्त वर हॅम आणि अंडं नको असं आधीच सांगायचं. व्हॅलेन्सिया भाताचं गाव खरं, पण पायेया या तिथल्या भाताच्या अस्सल पदार्थात ससा आणि कोंबडी असते, आणि भाज्यांच्या पायेयातला भातही मांसा-मासळीच्या पाण्यात शिजवलाय का ते विचारावं लागतं. घरी शिजवायचं तर मात्र व्हॅलेन्सिया पुढे. शेजारचा शेतीचा पट्टा मंडईत ताजा उतरतो. पायेयात पडणारे गारोफो म्हणजे डबल बीसारखे मोठे पांढरे दाणे. आम्ही त्यांची गोडा मसाला घालून उसळ करायचो. आणि ओर्चाता प्यायला शेजारच्या आलबोराया गावाला जाच. नागरमोथ्याच्या गोत्रातल्या चुफा या गवताच्या कंदांचं ते दूध असतं, गार आणि गोडसर. त्यात जनावराचं दूध अजिबात नाही.

ज्यांना स्पेन आयुष्यात एकदाच करायचा आहे आणि गुडघे अजून साथ देतात, त्यांनी सेव्हिल निवडलं तर मी अडवणार नाही. बाकीच्यांना मी आमचंच गणित देईन. मार्चअखेर व्हॅलेन्सियात उतरा. पहिले चार-पाच दिवस झोपेची घडी बसवण्यात जाऊ द्या आणि तिथेच तीन-चार आठवडे घर घ्या. शेवटचा आठवडा आंदालुसियाला, म्हणजे सेव्हिल-ग्रॅनडाच्या दक्षिणेकडच्या प्रांताला ठेवा, होली वीक आणि फेरिया टाळून. तिथे घर नको, लिफ्टचं हॉटेल घ्या. थेट गाड्या थोड्या आहेत आणि सेव्हिलला साधारण चार तास लागतात, म्हणून त्या जागा आधी राखा. वेळेची तिकिटं दोनच काढा: अल्हाम्ब्रा आणि आणखी एक. प्रत्येकाच्या आदल्या दिवशी काहीही ठरवू नका. परतीचं विमान माद्रिदहून घेतलंत तर सेव्हिलहून तिथे अडीच तासांत पोचता, फक्त विमानाच्या आदल्या रात्री माद्रिदला मुक्काम करा.