गाडीची पुढची काच धुणाऱ्या वॉशरच्या टाकीत साधं पाणी की वॉशर लिक्विड?

पाणी फुकट, आणि सुकी धूळ तेही काढतं. पण बोअरचं पाणी असेल तर नकोच. त्यातले क्षार नोझलच्या भोकात बसतात, मग फवारा काच सोडून भलतीकडेच. टाचणीने भोक मोकळं होतं, पण सारखा तो उद्योग कोण करणार?

लिक्विडची खरी किंमत पावसाळ्यात कळते. ट्रकने उडवलेला तेलकट चिखल नुसत्या पाण्याने काचभर फासला जातो आणि रात्री समोरचे दिवे त्यात पसरतात. लिक्विड तो तेलकटपणा तोडतं. कॉन्सन्ट्रेट (घट्ट लिक्विड) असेल तर बाटलीवरच्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. भांड्यांचा साबण मात्र नको, फेस होतो.

हिवाळ्यात मनालीकडे जाणार असाल तर न गोठणारं लिक्विडच भरा. आणि ओतण्याआधी झाकणावरचं काच-फवाऱ्याचं चित्र बघा. शेजारी कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) टाकीही असू शकते.