आमच्या गावची सोसायटी : मॅनेजरचं काम पाचपैकी पाच, पगार मात्र पटला नाही

वऱ्हाडातल्या आमच्या गावच्या सेवा सोसायटीचा, म्हणजे शेतकऱ्यांना बँकेचं पीककर्ज मिळवून देणाऱ्या सहकारी संस्थेचा, मी १८ वर्षांपासून सभासद आहे. यंदा पीककर्जाचा भरणा मुदतीत केला तरी बँकेच्या यादीत माझं नाव थकीत आलं. ३ लाखांपर्यंतचं कर्ज वेळेवर भरलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज शून्य पडते, थकीत दिसलो की ती सवलत गेली, नवीन कर्ज अडकलं, अन् पेरणी काय कोणासाठी थांबत नाही. मॅनेजर पोरगा खतावणीवर बोट फिरवत फिरवत माझ्या ओळीवर थांबला अन् म्हणाला, "काका, भरणा आपल्याकडं चढला हाय, पावती नंबर बी हाय, बँकेत दुसऱ्याच्या खात्यात पडला असन." दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पेट्रोलवर शाखेत जाऊन दुरुस्ती करून आणली.

पोरगा बी.कॉम., वरून सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा पास. अन् आमसभेच्या अहवालात पगार खर्च १,०८,०००, कर्मचारी हा एकटाच, म्हणजे महिन्याचे ९ हजार! वाचून खरंच वाईट वाटलं.

तालुक्यातल्या दुसऱ्या एका संस्थेतही माझा शेअर आहे, तिथला मॅनेजर बारावी, संचालकाचा साळा, पगार २६ हजार, हिशोब बाहेरचा माणूस लिहून देते.

ओळखीला मी वाईट म्हणत नाही. आमचे आधीचे मॅनेजर दहावीच होते, पण जिनिंगवाल्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळे त्यांना नावानं ओळखायचे, डीएपी खताची गाडी अडली की एका फोनवर गावात यायची, कर्जाची फाइल हलायची. अशा ओळखीचे पैसे खुशाल द्या, ते सभासदाच्या घरात येतात. साळेपणाचे कायले द्यायचे?

दोन्हीकडं पगार संचालक मंडळच ठराव करून ठरवते, अन् मंडळ आपण निवडून देतो. १९६० च्या सहकार कायद्यात कलम ३२ नं सभासदाला ताळेबंद अन् नफा-तोटा पत्रक पाहता येते, मागा अन् बघा. ३० सप्टेंबरच्या आत आमसभा घ्यावी लागते, त्यात आमच्या पोराच्या पगाराचा विषय घ्या म्हणून मी लेखी अर्ज केला, आतापर्यंत ४३ सह्या झाल्या, बाकीच्या सोमवारच्या बाजारात घेतो.